तीन डब्ल्यू लावले तर साइट उघडते, नुसतं नाव टाकलं तर जाहिरात – मदत हवी

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९.४५

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, शाळेत शिकवते. कॉम्प्युटरमधलं जेमतेम कळतं, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीपासून आम्ही चार-पाच जणी मिळून अहिराणी शब्द गोळा करतोय. शब्द, अर्थ, कुठल्या गावाकडे कसा बोलतात आणि जमलं तर एखाद्या आजीच्या आवाजात एक वाक्य. भाच्यानं गिटहब पेजेसवर (तिथं साइट ठेवता येते म्हणे) साइट करून दिली, डॉट इनचं नाव घेऊन दिलं आणि पुण्याला नोकरीवर रुजू झाला. आता फोन केला की "मावशी, मीटिंगमध्ये आहे."

अडचण अशी की नावापुढे तीन डब्ल्यू लावले तर आमची साइट दिसते. नुसतं नाव टाकलं तर जिथून नाव विकत घेतलं त्यांचं जाहिरातीचं पान येतं, "हे नाव राखून ठेवलेलं आहे" असलं काहीतरी. आणि आम्ही आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) पाचशे पत्रकं छापून बसलोय, त्यावर नुसतंच नाव आहे! डब्ल्यू लिहायचे कुणाला सुचले नाहीत.

नाव विकणाऱ्यांच्या साइटवर त्या नावाच्या नोंदींचं पॅनेल आहे, त्यात पाहिलं तर तीन डब्ल्यूसमोर "सीनेम" लिहिलंय आणि पुढे गिटहबचं नाव. मी तसंच्या तसं मूळ नावाला करायला गेले तर लाल अक्षरात "आधीच्या नोंदींशी जुळत नाही" म्हणून नकार आला. चार वेळा केलं, चारदा नकार. आखाजीला नऊ दिवस राहिलेत.

पांझरा | सोमवार, रात्री १०.०५

ताई, पॅनेलमध्ये ज्या ज्या ओळी आहेत त्या सगळ्या इथं लिहा. खरं नाव नका देऊ, "शब्द डॉट इन" समजू. ओळी पाहिल्याशिवाय सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

बोरीकाठ | सोमवार, रात्री १०.३०

लिहिते.
@ समोर "ए", पुढे चार आकड्यांचा पत्ता (२०३ नं सुरू होणारा), टीटीएल १४४००.
@ समोर आणखी एक ओळ आहे, अक्षरं-आकड्यांची लांबच लांब, ती मला कळली नाही म्हणून सोडते.
तीन डब्ल्यूसमोर "सीनेम", पुढे भाच्याचं नाव डॉट गिटहब डॉट आयओ, टीटीएल ३६००.
@ समोर "एमएक्स" दोन. ते मेलचं आहे असं भाचा म्हणाला होता. लोक शब्द पाठवतात तो पत्ता या नावावरच आहे.
@ समोर "टीएक्सटी" एक.

कळण्याची भाकर | सोमवार, रात्री १०.४१

डीएनएसचं मला घंटा कळत नाही, पण साइट पाहिली आत्ताच (डब्ल्यू लावून). मस्तच! "बठ्ठा", "गंज", "आंडोर" सगळं सापडलं. एकच शंका, "डांगर"समोर लाल भोपळा लिहिलंय ते बरोबर आहे का? पुण्या-नगरकडे भोपळ्याला म्हणतात खरं.

सातपुडा पायथा | सोमवार, रात्री १०.४८

आमच्या शिरपूरकडे डांगर म्हणजे खरबूज. विषय संपला.

गिरणाथडी | मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, त्या लाल नकारात पॅनेलची काही चूक नाही. नियमच तसा आहे आणि तो फार जुना आहे. डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचे, जे मूळ कागद पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये लिहिले, आरएफसी १०३४ आणि १०३५, त्यातल्या पहिल्यातच आहे: ज्या नावाला सीनेम आहे त्या नावाला दुसरी कुठलीही नोंद असता कामा नये.

का ते सांगतो. सीनेम म्हणजे बंद घराच्या दाराला लावलेली पाटी. "इथं कोणी राहत नाही, जे काही विचारायचं ते पलीकडच्या वाड्यावर विचारा." *जे काही*, म्हणजे सगळंच. पोस्टमन आला तरी पलीकडे, दूधवाला आला तरी पलीकडे, तलाठी आला तरी पलीकडे. तीन डब्ल्यूवाल्या नावाला ही पाटी चालते, कारण त्या नावावर दुसरं काहीच नाही.

मूळ नावाचं तसं नाही. मूळ नावावर दोन नोंदी कायद्यानंच असाव्या लागतात. एक एसओए, म्हणजे या डोमेनचा कारभार कोण पाहतो त्याची नोंद, आणि दुसरी एनएस, म्हणजे चौकशी कुठल्या नेमसर्व्हरकडे करायची. पॅनेलमध्ये बहुधा त्या दिसत नाहीत, पण असतात. म्हणजे घरात माणसं राहतायत आणि दाराला "कोणी नाही"ची पाटी, असं होणार. वर तुमचे एमएक्स. समजा एखाद्या भोळ्या पॅनेलनं सीनेम घेतला असता, तर मेल पोहोचवणाऱ्यांनीही पाटी वाचून गिटहबच्या दारात जाऊन हाका मारल्या असत्या. नकार मिळाला ते बरं झालं म्हणा.

म्हणून मूळ नावाला पाटी लावायची नाही, थेट पत्ता लिहायचा. तोच "ए" रेकॉर्ड. गिटहब पेजेसचे चार पत्ते आहेत:

१८५.१९९.१०८.१५३
१८५.१९९.१०९.१५३
१८५.१९९.११०.१५३
१८५.१९९.१११.१५३

(इथं हौसेनं मराठी आकडे लिहिलेत, पॅनेलमध्ये इंग्रजी आकडेच टंका.) चारही टाकायचे, प्रत्येकी एक ओळ, @ समोर. आणि २०३ वाली जुनी ओळ काढायची. ही राहिली तर पाच पत्ते होतात आणि पाचातला एखादा पाहुणा जाहिरातीच्या पानावर जातो. असली चूक लवकर सापडत नाही, कारण तुमच्याकडे उघडतं आणि तुमच्या जाऊबाईंकडे उघडत नाही.

एमएक्सला (मेलची नोंद) आणि टीएक्सटीला (साध्या मजकुराची नोंद) हात लावू नका.

भुसावळ यार्ड | मंगळवार, सकाळी ९.१०

एवढं कशाला करायचं? नेमसर्व्हरच बदलून टाका. मी माझ्या मुलाच्या दुकानाचं एका फुकट डीएनएस सेवेवर नेलं, दहा मिनिटांत काम झालं. तिथं मूळ नावालाही सीनेम टाकू देतात. आतल्या आत ते त्याचा पत्ता शोधून ए रेकॉर्ड म्हणून सांगतात. कुणी त्याला एलियस म्हणतं, कुणी एनेम, कुणी फ्लॅटनिंग. उद्या गिटहबनं पत्ते बदलले तरी तुम्हाला झोप मोडायची गरज नाही. एकदा पॉइंट बदलला की गाडी आपोआप दुसऱ्या रुळावर.

पांझरा | मंगळवार, सकाळी ९.३२

नाना, युक्ती चांगली आहे पण ताईंना आत्ता तिची गरज नाही. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे अख्खं दप्तर दुसऱ्या कचेरीत नेणं. एका ओळीसाठी? आणि दप्तर नेताना जे कागद मागं राहिले ते गेलेच. ताई, घाई करू नका.

बोरीकाठ | बुधवार, सकाळी ६.१५

पांझरा दादा, तुमचं मी आत्ता वाचलं. काल शाळेतून आल्यावर नानांचं वाचलं आणि रात्री करून बसले. नेमसर्व्हर बदलले, तिथं गिटहबचे चार पत्ते टाकले, तीन डब्ल्यूचं सीनेम टाकलं. साइट उघडली! दोन्हीकडून! पहाटे पाचला उठून पाहिलं तरी उघडत होती.

पण काल रात्रीपासून मेल एकही नाही. रोज चार-पाच तरी येतात. मी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावरून पाठवून पाहिलं, ते पण नाही आलं.

पांझरा | बुधवार, सकाळी ६.४०

एमएक्स राहिले. नव्या कचेरीत मेलची नोंदच नाही.

बोरीकाठ | बुधवार, सकाळी ६.४४

मी त्याला हात लावला नव्हता हो!

पांझरा | बुधवार, सकाळी ६.५०

हात नाही लावला, म्हणूनच. जुन्या पॅनेलमध्ये ते जागेवर आहेत, पण आता जुन्या पॅनेलला कोणी विचारत नाही. जग विचारतं नव्या नेमसर्व्हरला, आणि तिथं तुम्ही लिहिलं तेवढंच आहे.

दोन वाटा आहेत. एक, नव्या ठिकाणी एमएक्स आणि टीएक्सटी अक्षरन् अक्षर उतरवून काढायचे. दोन, जुन्या नेमसर्व्हरवर परत जायचं आणि गिरणाभाऊंनी सांगितलं तेवढंच करायचं. माझ्या मते परत जा. दोन पॅनेलं, दोन पासवर्ड, भाचा पुण्यात. सहा महिन्यांनी कुठली नोंद कुठं आहे ते तुमच्याच लक्षात राहणार नाही. पण आधी जुनं पॅनेल उघडून ओळी शाबूत आहेत का ते पाहा, काही ठिकाणी नेमसर्व्हर बदलले की जुन्या ओळी पुसतात.

भुसावळ यार्ड | बुधवार, सकाळी ८.०५

ताई, चूक माझी. मुलाच्या दुकानाचा मेल त्या नावावर नाहीच, साधा फुकटातला आहे, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर पॉइंट बदलण्याआधी मागे डबे किती ते पाहिलं आणि इथं विसरलो.

गिरणाथडी | बुधवार, सकाळी ८.३०

नाना, असू द्या. आणि ताई, आलेले मेल गेले असं समजू नका. एमएक्स सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर मूळ नावाच्या ए पत्त्यावरच मेल द्यायला जातो, तसा नियमच आहे. तो पत्ता आता गिटहबचा. तिथं मेल घेणारं कोणी नाही, म्हणून दार वाजवून तो परत येतो आणि मेल रांगेत ठेवतो. मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा दार वाजवतो. सहसा चार-पाच दिवस तरी प्रयत्न करतात, मगच पाठवणाऱ्याला "पोहोचलं नाही" म्हणून कळवतात. तेव्हा लवकर दुरुस्त केलंत तर बहुतेक मेल उशिरा का होईना येतील.

बोरीकाठ | बुधवार, दुपारी ४.३०

जुन्या ओळी आहेत, देव पावला. मधल्या सुट्टीत नेमसर्व्हर परत केले. २०३ वाली ओळ काढली आणि चार पत्ते टाकले. पण यादीत ते विचित्र दिसतायत. नावाच्या जागी "शब्द डॉट इन डॉट शब्द डॉट इन" असं दोनदा आलंय.

पांझरा | बुधवार, दुपारी ४.५२

हा हा, हे सगळ्यांचं एकदा होतंच. नावाच्या खान्यात तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत. पॅनेल त्याच्यामागे डोमेन स्वतःहून चिकटवतं. तिथं नुसतं @ लिहायचं. @ म्हणजे "हे डोमेन स्वतः". काही पॅनेलांत @ ऐवजी खाना रिकामा सोडायचा असतो. जुन्या आरएफसी धाटणीच्या फायलीत पूर्ण नाव लिहायचं तर शेवटी टिंब द्यायचं, टिंब दिलं की मागे काही चिकटत नाही. त्या टिंबापायी मी एका पतसंस्थेची साइट अर्धा दिवस बंद पाडली होती, ते जाऊ दे.

बोरीकाठ | बुधवार, सायंकाळी ७.१०

@ केलं. बरोबर दिसतंय. किती वेळ लागेल? सगळीकडे "२४ ते ४८ तास" लिहिलेलं असतं.

गिरणाथडी | बुधवार, रात्री ९.००

त्या ४८ तासांबद्दल थोडं लिहितो, कारण लोक उगाच हात जोडून बसतात.

"पसरायला वेळ लागतो" असं म्हणतात, पण पसरत काही नाही. तुमची नवी नोंद तुमच्या नेमसर्व्हरवर लगेच असते. अडतं ते वाटेत. तुमच्या इंटरनेटवाल्याच्या रिझॉल्व्हरनं (तुमच्या वतीनं पत्ता विचारून आणणाऱ्या सर्व्हरनं) जुनं उत्तर आठवणीत ठेवलेलं असतं, आणि ते किती सेकंद ठेवायचं हे तुम्हीच सांगितलेलं असतं, तोच टीटीएल. तुमच्या जुन्या ओळीला १४४०० होता, म्हणजे चार तास. कोणी दुपारी चारला विचारलं असेल तर रात्री आठपर्यंत त्याला जुनं दिसणार. आधी ठाऊक असतं तर आदल्या दिवशी तो ३०० वर आणायचा, मग बदल पाच मिनिटांत दिसतो. नेमसर्व्हर बदलण्याला मात्र जास्त वेळ धरा, कारण ती नोंद वर डॉट इनच्या कचेरीत असते, तिचा टीटीएल तुमच्या हातात नाही.

आणि एक गंमत. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा आठवणीत राहतं. नोंद करायच्या आधीच उत्साहानं दहादा उघडून पाहिलं तर तो नकारच काही काळ चिकटून बसतो. (आरएफसी २३०८, १९९८ सालचा. मला असल्या गोष्टी लक्षात राहतात, बायकोचा वाढदिवस नाही.)

खरं काय ते पाहायचं तर ब्राउझरवर विसंबू नका. विंडोजमध्ये काळी खिडकी उघडून एनएसलुकअप, पुढे तुमचं नाव, पुढे तुमच्याच नेमसर्व्हरचं नाव लिहा. मधल्यांना न विचारता थेट मालकाला विचारलं असं होतं.

बोरीकाठ | गुरुवार, सकाळी ७.००

काळ्या खिडकीत चारही पत्ते आले! घरच्या वायफायवर नुसत्या नावानं साइट उघडते. मेलही यायला लागले.

पण मोबाईलचा नेटपॅक लावला की अजून तीच जाहिरात. जावेच्या फोनवरही. चोपड्याहून मामेबहिणीनं फोटो पाठवला, तिच्याकडेही जाहिरात. आणि घरी उघडतं तिथं ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचं कुलूप तुटलेलं दिसतं, "सुरक्षित नाही".

सातपुडा पायथा | गुरुवार, सकाळी ७.३५

कॅशे साफ करा.

बोरीकाठ | गुरुवार, सकाळी ७.५०

केला. फोन बंद करून चालू केला. तेच.

पांझरा | गुरुवार, सकाळी ८.१०

थांबा थांबा. ताई, सोमवारी तुम्ही एक ओळ "कळली नाही म्हणून सोडते" लिहिलं होतं. अक्षरं-आकड्यांची लांबच लांब. तिच्यासमोर चार ए आहेत का? आणि मधे मधे दोन टिंबं?

बोरीकाठ | गुरुवार, सकाळी ८.१४

हो! चार ए. आहे अजून.

पांझरा | गुरुवार, सकाळी ८.३०

तोच चोर. चार-ए म्हणजे आयपीव्ही ६ चा, नव्या लांब धाटणीचा पत्ता. तो अजून जाहिरातीच्या पानाचाच आहे. आपल्याकडे मोबाईलची बरीच नेटवर्कं व्ही ६ वर चालतात, ती आधी हा पत्ता विचारतात. तुमच्या घरच्या वायफायला व्ही ६ नसावं, म्हणून तिथं उघडतं. ओळी मागितल्या मीच आणि पाहिली नाही मीच.

कुलपाचं दुखणंही तेच असणार. गिटहबला कुलपाचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून मिळतं. ते देण्याआधी ते लोक तुमच्या नावावर येऊन खात्री करतात, आणि चार-ए असेल तर आधी त्याच दारी जातात. तिथं भेटलं जाहिरातीचं पान. ते कसलं प्रमाणपत्र देतायत!

ती ओळ काढा. हवं तर गिटहबचे चार व्ही ६ पत्ते टाका, पण ते त्यांच्या मदतपानावरून कॉपी-पेस्टच करा, हातानं टंकायला जाऊ नका. मग गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन कस्टम डोमेन एकदा काढून पुन्हा भरा, म्हणजे प्रमाणपत्राचं काम नव्यानं सुरू होतं. मिळालं की एचटीटीपीएसची सक्ती चालू करा.

गिरणाथडी | गुरुवार, सकाळी ९.०५

त्या खान्यात तीन डब्ल्यूसह नाव भरा असं मी सुचवेन. दोन्हीकडच्या नोंदी बरोबर असतील तर गिटहब नुसत्या नावानं आलेल्याला आपणहून तीन डब्ल्यूवर नेतं. पत्रकं वाया जात नाहीत, आणि उद्या दुसऱ्या होस्टिंगवर गेलात तर मुख्य पत्त्याची पाटी बदलायची, आणि मूळ नावाचे पत्तेही बदलायचे, पण ते फक्त वळवण्यापुरते.

भुसावळ यार्ड | गुरुवार, सकाळी ९.२०

मला नुसतंच नाव बरं वाटतं. सुटसुटीत. पण मी आता सल्ला देत नाही.

कळण्याची भाकर | गुरुवार, सकाळी ११.००

एक बाळबोध प्रश्न. मराठीत नाव घेता येतं ना, डॉट भारत? अहिराणीच्या साइटला तेच शोभेल.

गिरणाथडी | गुरुवार, दुपारी १.४०

येतं, २०१४ पासून देवनागरीत मिळतं. नोंदी अगदी अशाच करायच्या. फक्त डीएनएसच्या पोटात देवनागरी जात नाही, ती "एक्सएन" आणि दोन डॅशांनी सुरू होणाऱ्या रूपात जाते. गिटहबच्या खान्यातही तेच रूप भरावं लागतं. पॅनेलमध्ये ते पाहून घाबरू नका एवढंच.

आणि ताई, अजून एक. गिटहबमध्ये डोमेन आपलं असल्याची पडताळणी करायची सोय आहे, एक टीएक्सटी ओळ टाकावी लागते. तेवढी करून घ्या. उद्या साइट काही कारणानं काढली आणि चार पत्ते तसेच राहिले, तर दुसरा कोणी तुमचं नाव स्वतःच्या खात्यावर लावू शकतो.

बोरीकाठ | शुक्रवार, रात्री ८.२०

चार-ए काढला, त्यांचे चार टाकले, डोमेन काढून पुन्हा भरलं (तीन डब्ल्यूसह, गिरणाभाऊ). काल संध्याकाळी कुलूप लागलं. आज दिवसभर जो दिसेल त्याचा फोन मागून नुसतं नाव टाकून पाहिलं. शिपाईमामांचा, रिक्षावाल्याचा, चोपड्याच्या बहिणीचा, सगळीकडे उघडलं. पडताळणीची ओळही टाकली. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "मावशी, चार-ए मी विसरलोच होतो."

नाना, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे तर एमएक्स म्हणजे काय ते कळलं. आखाजीला अमळनेरला आलात तर सांजोऱ्या खायला या, सगळेच या.

मंगळवारी रात्रीचे अडकलेले मेल कालपासून येतायत. आतापर्यंत सहा आले. त्यातला एक साक्रीकडच्या एका आजींनी नातवाकडून लिहून घेतलेला. शब्द एकही पाठवला नाही, नुसती तक्रार:

"तुम्हीन डांगरले भोपळा लिखेल शे. आखाजीनी घागरवर भोपळा ठेवतस का कोनी?"

आत्ताच दुरुस्त केलं.

सातपुडा पायथा | शुक्रवार, रात्री ८.३१

मी सोमवारीच सांगितलं होतं.